बाबा काय करतात

हाइट्सटाउन, न्यू जर्सी
१६ मे २००७

प्रिय ऋता,

हे पत्र मुद्दाम मराठीत लिहितोय. ईमेल तू ऑफिसात दहा कामं करता करता वाचतेस, आणि फोनवर 'इट्स फाइन, बाबा' म्हणालीस की विषय संपतो. मराठी वाचायला तुला एका जागी बसावं लागतं. तेवढा वेळ मला हवा आहे. अक्षर मोठं आणि सुटं काढलंय. एखादा शब्द अडला तर तसाच पुढे जा. आज मला सुट्टी आहे, आई लायब्ररीत कामाला गेली आहे आणि खाली अपार्टमेंटवाल्यांचा माणूस गवत कापतोय. काळजीचं काही नाही. केदारचे आईवडील, तुझे होणारे सासू-सासरे, शनिवारी आले, सोमवारी गेले. आईचं श्रीखंड त्यांना आवडलं. त्यांच्याबद्दल लिहायचंच आहे, पण तिथूनच सुरुवात केली तर तुला अर्धंच कळेल, कारण मधल्या काही वर्षांतलं तुला फारसं ठाऊक नाही. तू विचारलं नाहीस असं म्हणत नाही. मीही सांगितलं नाही.

कंपनीनं आमचा सगळा विभाग बंद केला तेव्हा तू स्टेट कॉलेजला शिकत होतीस. फायबरमधून जाणाऱ्या सिग्नलमधला नॉइज कमी करायचा, हे माझं काम. पुण्यात आणि इथे मिळून मी दुसरं काही केलं नव्हतं. त्या वर्षी टेलिकॉममधली इतकी माणसं एकाच वेळी बाहेर पडली होती की कोणाची कीव करायची हेच कळत नव्हतं. अर्ज केले, इंटरव्ह्यू दिले. एका ठिकाणी तर माझ्याच हाताखाली काम केलेल्या मुलानं माझा इंटरव्ह्यू घेतला. चांगला मुलगा होता, त्याला माझ्यापेक्षा जास्त अवघडल्यासारखं झालं. वेस्ट विंडसरचं घर विकलं त्या शनिवार-रविवारी तू बसनं आली होतीस आणि तुझ्या खोलीतली खोकी भरून गेलीस. त्यानंतर आपण त्या घराबद्दल कधी बोललो नाही. तसं बोलण्यासारखं काही नव्हतंही.

पुढे अनएम्प्लॉयमेंट ऑफिसातल्या एका बाईंनी मला सांगितलं की सरकार अशा लोकांना नवीन शिक्षण देतं. त्यांनी कॉम्प्युटरचा स्क्रीन माझ्याकडे वळवला. ट्रक चालवणं, एअर कंडिशनरची दुरुस्ती आणि मेडिकल असिस्टंट. अंधार पडला की मला समोरच्या गाड्यांच्या दिव्यांचा त्रास होतो आणि पाठ कशी आहे ते तुला माहीत आहे. लोक विचारतात, तुम्ही या क्षेत्राकडे कसे वळलात? मी वळलो नाही. तेवढंच उरलं होतं.

मेडिकल असिस्टंट म्हणजे कोण, हे आईला समजावताना मी असं सांगितलं होतं: डॉक्टरकडे गेल्यावर तुला नाव घेऊन आत बोलावतो, वजन करतो, बीपी घेतो, कशासाठी आलात ते विचारून लिहून घेतो, रक्त काढतो, इंजेक्शन देतो, आणि 'डॉक्टर येतीलच एवढ्यात' असं म्हणून दार ओढून घेतो, तो माणूस. नर्स नव्हे. आई म्हणाली, "म्हणजे कंपाउंडर." मी म्हटलं, साधारण. ती हसली, मग हसू आवरून म्हणाली, "कर. घरात बसून तू भिंतींशी भांडतोस."

काउंटीच्या व्होकेशनल स्कूलमध्ये संध्याकाळचा वर्ग होता. मी सोडून सगळ्या बायका, त्यातल्या बऱ्याचशा तुझ्या वयाच्या. माझं नाव कोणाला उच्चारता येईना म्हणून मी 'मिस्टर सी' झालो. शिकवायला मिसेस गॅडसन. सैन्यात नर्स होत्या. उंच, सावकाश बोलणाऱ्या, कधीही न चिडणाऱ्या, त्यामुळे सगळ्या त्यांना घाबरायच्या. पहिला आठवडाभर त्यांनी आम्हाला फक्त हात धुवायला, दारावर टकटक करायला आणि आपलं नाव सांगायला शिकवलं. मला वाटलं, हे काय शिकवणं झालं? पाठांतर मला सोपं गेलं. हाडांची नावं, औषधांची नावं, कुठल्या रंगाच्या झाकणाच्या नळीत कुठल्या तपासणीचं रक्त भरायचं, कुठली नळी आधी आणि कुठली नंतर. लेखी परीक्षेत मी पहिला. वर्गातल्या मुली माझ्याकडे वह्या मागायच्या. आपल्याला हे जमतंय असं मला वाटू लागलं, आणि तिथेच मी आपटलो.

प्रॅक्टिकलला मिसेस गॅडसन स्वतः पेशंट होऊन बसायच्या. मला त्यांनी दिलेला पेशंट असा: बाई, साठीची, स्तनाच्या तपासणीचा निकाल ऐकायला आलेली, हात थरथरतायत. मी नियमाप्रमाणे टकटक केली, नाव सांगितलं, हात धुतले, बीपी घेतलं. त्या म्हणाल्या, "मला भीती वाटतेय." मी त्यांना समजावलं. भीतीनं बीपी का वाढतं, आज आलेला आकडा का धरायचा नाही, तपासण्यांमध्ये चूक होण्याचं प्रमाण काय असतं. सगळं बरोबर सांगितलं. त्यांनी मला नापास केलं. म्हणाल्या, "मिस्टर सी, तुम्ही समजावत होतात. तिनं काही विचारलंच नव्हतं." मग मी काय करायला हवं होतं, असं मी विचारलं. "बसायला हवं होतं. खोलीत दुसरं स्टूल होतं." तुला हसू येईल. तू हायस्कूलला असताना गणित विचारायला यायचीस आणि माझं सांगून व्हायच्या आत उठून जायचीस, ते मला त्या वेळी आठवलं.

पुन्हा प्रॅक्टिकल द्यायच्या आधी त्यांनी मला एका वृद्धाश्रमात पाठवलं. दर शनिवारी जायचं, सगळ्यांचं बीपी घ्यायचं आणि प्रत्येकापाशी बसायचं. काय बोलायचं ते त्यांनी सांगितलं नाही. तिथे एक निवृत्त बस-ड्रायव्हर होते, मूळचे पोलंडचे. ते कोणाशीच बोलायचे नाहीत. मी पट्टा बांधायचो, आकडा लिहायचो आणि शेजारी बसायचो. टीव्हीवर बेसबॉल चालू असायचं. मला बेसबॉल कळत नाही आणि ते त्यांना कळलं होतं. बऱ्याच शनिवारांनंतर एकदा त्यांनी स्क्रीनकडे बोट दाखवून म्हटलं, "तो आता बाद होणार." झाला. त्या दिवसापासून मी आत शिरलो की ते स्वतःच बाही वर करून ठेवायचे. पुढल्या खेपेला मी पास झालो. मिसेस गॅडसननी कौतुक वगैरे काही केलं नाही, पुढच्या मुलीला बोलावलं.

सुईचं प्रकरण त्याहून अवघड. आधी रबराच्या हातावर, मग एकमेकांच्या. माझी जोडीदार योलांडा. ग्वाटेमालाची, दिवसा एका मोटेलमध्ये खोल्या आवरून संध्याकाळी वर्गाला यायची. दंडाला पट्टा बांधला, शीर बोटाला लागली, सुई आत गेली आणि माझा हात थरथरायला लागला. शीर सुटली. मी सुई बाहेर काढली. तिच्या कोपराच्या आत निळा-जांभळा डाग उमटला. दुसऱ्या दिवशी ती बिनबाह्यांचा टॉप घालून आली आणि सगळ्यांना तो डाग दाखवत होती, "हे आमच्या मिस्टर सीचं काम." मग तोच हात माझ्यापुढे धरला. मी म्हटलं, दुसरा दे. ती म्हणाली, दुसरा मला कामाला लागतो. त्या दिवशी जमलं. तीही परीक्षा पास झाली. आता ट्रेंटनला एका मुलांच्या क्लिनिकमध्ये असते, ख्रिसमसला कार्ड पाठवते. फ्रिजवर तिचं कार्ड बघून तू मागे विचारलं होतंस, ही कोण? मी म्हटलं होतं, ओळखीची.

वर्ग संपल्यावर क्लिनिकमध्ये उमेदवारी करावी लागते. मी ज्या क्लिनिकमध्ये केली तिथेच त्यांनी मला नोकरीला ठेवून घेतलं. दोन डॉक्टर, चार असिस्टंट, त्यात पुरुष मीच. काही बायकांना पुरुष नको असतो, मग मी बाहेर थांबतो. त्यात वाईट वाटण्यासारखं काही नाही. एकदा आपल्याकडचे एक वयस्कर गृहस्थ मुलाबरोबर आले होते. मी आत गेलो तसे ते अदबीनं उठून उभे राहिले. मी म्हटलं, बसा, मी डॉक्टर नाही, मी वजन करायला आलोय. ते बसले, आणि मग जाईपर्यंत त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मला ते काम आवडतं का, असं कोणी विचारलं तर मी हो म्हणेन. ईसीजी काढायचा असला की सगळ्या मला हाक मारतात. कागदावर थरथरणारी रेघ आली की पेशंटचा हात टेबलाच्या लोखंडाला लागलाय का, खालच्या दिव्याची वायर जवळून जातेय का, हे मी शोधतो. रेघ स्वच्छ येते. ती वाचायचं काम डॉक्टरांचं. माझं काम नॉइज काढणं. तेव्हाही तेच होतं.

मग एक दिवस आपल्या मंडळातले बाळ देवस्थळी फ्लूचं इंजेक्शन घ्यायला आले. "चारुदत्त, तू इथे? कन्सल्टिंग?" मी विचारलं, "कुठल्या हातात देऊ?" त्यांनी डावा पुढे केला. इंजेक्शन झालं, चिकटपट्टी लावली. संध्याकाळी घरी आलो तर आई फोनवर होती आणि नुसतं "हो ना", "हो ना" करत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी माझा निळा शर्ट आणि करडी पँट इस्त्री करून खुर्चीवर ठेवलेली होती. ते घालून मी निघालो आणि एरवी घरूनच घालून जायचो ते स्क्रब्ज, म्हणजे क्लिनिकचा गणवेश, डब्याच्या पिशवीतून नेले. क्लिनिकच्या बाथरूममध्ये बदलले, संध्याकाळी पुन्हा शर्ट-पँट. मग रोज तसंच होऊ लागलं. आमच्यात त्यावर एक शब्द झाला नाही. बॉथेलला तुझ्याकडे आलो होतो तेव्हा तू तुझ्या मित्रमैत्रिणींना माझी ओळख करून दिलीस, "माय डॅड, ही यूज्ड टू डू फायबर ऑप्टिक्स." तेही खरंच होतं.

आता केदारचे आईवडील. मला दोघंही आवडले, हे आधी लिहून ठेवतो. रवींद्रराव तीस-बत्तीस वर्षं क्लीव्हलंडला आहेत पण बोलताना अजून नागपूरचेच आहेत. माणूस मोकळा, सर्जन असतात तसा थोडा घाईत. रेखाताई पॅथॉलॉजिस्ट. कमी बोलतात, बघतात जास्त. रविवारी जेवताना रवींद्ररावांनी सहज विचारलं, "तुम्ही कुठल्या हॉस्पिटलात काम करून राहिले सध्या? किती बेडचं आहे?" आईनं वाटी उचलली आणि म्हणाली, "अहो, श्रीखंड घ्या ना अजून." मी म्हटलं, "लहानच आहे." ते म्हणाले, "लहान हॉस्पिटल चालवणं जास्त कठीण, राजे. सगळा भार एकावरच." मी मान हलवली. श्रीखंड पुन्हा फिरलं. नंतर ते लग्नाच्या हॉलबद्दल बोलू लागले.

सोमवारी मला कामावर जायचं होतं. आंघोळ करून आलो, शर्ट खुर्चीवर होता. घातला. बटणं लावता लावता मला कंटाळा आला. राग नव्हता आणि फार काही विचारही केला नव्हता, हे मी तुला खरं सांगतोय. तिसऱ्या की चौथ्या बटणाला नुसता कंटाळा आला. शर्ट काढून ठेवला आणि मरून रंगाचे स्क्रब्ज घालून, गळ्यात बिल्ला अडकवून चहाला बाहेर आलो. आई गॅसपाशी होती. तिनं पाहिलं आणि गाळणं हातात धरून तशीच उभी राहिली. रवींद्रराव पेपर वाचत होते. त्यांनी चष्म्यावरून बिल्ला वाचला. "मेडिकल असिस्टंट?" मी हो म्हटलं. "कुठे शिकले?" मी शाळेचं नाव सांगितलं. "हं. बरं आहे. रिकामं बसण्यापेक्षा बरं." आणि त्यांनी पेपरचं पान उलटलं. रेखाताईंनी विचारलं, "रक्त काढता?" हो. "हात थरथरतो?" मी म्हटलं, आता नाही. त्या म्हणाल्या, "माझा शेवटपर्यंत थरथरायचा, म्हणून मी मायक्रोस्कोपकडे गेले." आई चहा घेऊन आली. आम्ही चौघं चहा प्यायलो. मला वाटलं होतं निदान कोणाच्या तरी हातून कप पडेल. कोणी काही पाडलं नाही.

मी निघालो तेव्हा रेखाताई फिरायला म्हणून पार्किंगपर्यंत माझ्याबरोबर आल्या. गाडीपाशी थांबून म्हणाल्या, "ऋतानं आम्हाला वेगळं सांगितलं होतं. हॉस्पिटल अ‍ॅडमिनिस्ट्रेशन." आवाजात राग नव्हता, पण प्रश्नही नव्हता. मी म्हटलं, "मीच तिला तसं सांगायला सांगितलं होतं. मला लाज वाटायची." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. जन्मभर काचेखालच्या पेशी बघितलेली बाई आहे, तिला काय दिसलं असेल ते मला सांगता येणार नाही. मग म्हणाल्या, "केदार बंगलोरहून जूनमध्ये परत येतोय. तोवर आम्ही दोघं त्याच्याकडे हा विषय काढणार नाही. तुमचं तुम्ही ठरवा." मी कामावर गेलो. त्या दिवशी पेशंट पुष्कळ होते. संध्याकाळी आई एवढंच म्हणाली, "त्यांच्या चहात साखर कमी पडली."

तर, मी तुला असं काही सांगायला सांगितलं नव्हतं, हे आपल्या दोघांनाही माहीत आहे. तुझं ठरलं त्या आठवड्यात तू आईला फोन केला होतास, "दे आर बोथ डॉक्टर्स, आई. मी हॉस्पिटल अ‍ॅडमिनिस्ट्रेशन म्हणून सांगितलंय. इट्स बेसिकली हेल्थकेअर." फोन स्पीकरवर होता, मी कांदा चिरत होतो. आईनं माझ्याकडे बघितलं आणि मी कांदा चिरत राहिलो. मला वाईट वाटलं का? वाटलं. पण तू ज्या घरात जाणार आहेस तिथलं दार तुला आतून उघडायचं आहे, बाहेर उभं राहून मी सल्ला देण्यात अर्थ नाही. पत्र लिहिलं ते एवढ्यासाठी, की मी रेखाताईंना काय सांगितलंय ते तुला माहीत असावं. केदारनं विचारलं तर तू तेच सांगू शकतेस, की बाबांनी सांगितलं म्हणून मी बोलले. मी शेवटपर्यंत हो म्हणेन, आईही म्हणेल. किंवा खरं काय ते सांग. तो चिडेल, एखादा दिवस बोलणार नाही, मग विचारेल की तू असं का केलंस. तेव्हा समजावू नकोस. त्याच्याजवळ बस. दोन्हींतलं काय केलंस ते मला कळवायची गरज नाही. फक्त एक. लग्नात कोणी विचारलं की मुलीचे वडील काय करतात, तर ते तू सांगू नकोस आणि आईलाही सांगू देऊ नकोस. मी तिथेच असेन. मलाच विचारू देत.

तुझाच,
बाबा